उणे वयाचं पाणी

पाण्याला रंग घालणं हे माझं काम आहे, आणि या कामात एकच सोवळं पाळावं लागतं. ज्यानं रंगाला हात लावला, त्यानं झऱ्याकडे फिरकायचं नाही.

सांगते कसं ते. डोंगराच्या एका बाजूला पाणी जमिनीत मुरतं, दुसऱ्या बाजूला झरा वाहतो. वरचं तेच पाणी खाली येतं का, हे नुसतं बघून कुणाचा बापही सांगू शकत नाही. म्हणून वर मुरणाऱ्या पाण्यात रंग ओतायचा आणि खाली झऱ्यावर वाट बघत बसायचं. रंगाची भुकटी डब्यात विटकरी दिसते, पाणी लागलं की हिरवीगार होते. चिमूटभर भुकटीत आख्खा हौद रंगतो. ओतणाऱ्याच्या नखांत, शर्टाच्या शिवणीत, भुवयांतसुद्धा ती बसून राहते, आणि तोच माणूस झऱ्यावर गेला की नमुना बाटला म्हणून समजा. चांगल्या नावाजलेल्या लोकांनी ही चूक केली आहे आणि भलत्या झऱ्याचं नातं भलत्या डोंगराशी जोडून ठेवलं आहे.

आमच्यात म्हणून वाटणी आहे. रंग ओततो माझा धाकटा भाऊ, नमुने घेते मी. काम संपेपर्यंत आम्ही एकमेकांचं तोंड बघत नाही, एका टेबलाशी जेवत नाही, एका गाडीत बसत नाही. जे बोलायचं ते फोनवर. भावजय म्हणते, एवढा अबोला तर वैऱ्यांतही नसतो.

भावजयीला हसायला येतं तसं रडायलाही येतं, आणि तिचं चुकत नाही. धाकट्याला जमिनीतलं भोक दिसलं की त्यात शिरायची खोड आहे. मागे एका विवरात तो अडकला होता. दोराला लटकून, खाली पाणी चढत असताना. सुटला, पण घरी येऊन जेव्हा हसत हसत त्यानं ते सांगितलं, तेव्हा माझी भाची जेवता जेवता उठून त्याच्या मांडीवर जाऊन बसली आणि झोपेपर्यंत उतरली नाही. त्या दिवशी भावजयीनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं: रंग ओतायचा तो वरून, काठावर उभं राहून. आत पाय घालायचा नाही. आणि लक्ष ठेवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. आई गेल्यापासून त्याच्या बाबतीतलं प्रत्येक काम माझ्याच गळ्यात पडत आलं आहे, आणि खरं सांगायचं तर मला दुसऱ्या कुणाच्या गळ्यात ते पडलेलं आवडलंही नसतं.

तर हे काम असं होतं. चुनखडीचा डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी शहर, आणि शहराला पाणी पाजणारा एक झरा. डोंगरावरच्या पठारावर दगडाची खाण. खाणवाले आपला गाळ शेजारच्या विवरात सोडत होते, आणि तो गाळ शहराच्या पिण्याच्या पाण्यात उतरतो का, हे पाणीखात्याला हवं होतं. धाकटा वर, खाणीजवळच्या एका खोलीत राहिला. मी खाली. मधे वळणावळणाचा रस्ता, गाडीनं तासाभराच्या वरचा.

माझी खोली पंपघराच्या मागे होती. चढाच्या गल्लीत शेवटची इमारत, पुढे डोंगरच. दिवसभर आभाळ खाली आलेलं, धड पाऊस नाही, धड ऊन नाही. गल्लीतल्या घरांच्या भिंतींना कमरेपर्यंत ओल चढलेली असे आणि लोक कपडे वाळत घालायचे ते जणू सवय म्हणून. खोलीला दोन दारं होती. एक गल्लीत उघडायचं, दुसरं झऱ्याच्या दालनात. दालन म्हणजे दगडी बांधणीचा मोठा हौद, आणि त्याच्या मागच्या बाजूला उघडा कातळ. कातळात आडवी फट, तिच्यावर लोखंडी जाळी. त्या फटीतून पाणी यायचं, पण आवाज न करता. इतकं पाणी इतक्या मुकाट्यानं वाहताना मी कुठे पाहिलं नव्हतं. दालनाला पलीकडून पंपघराचंही दार होतं आणि त्याची किल्ली पंपवाल्याकडे असे.

पंपवाला हा गोल, सुस्त आणि बाराही महिने सर्दी झालेला माणूस. त्याला झऱ्याचं काही कौतुक नव्हतं. "पाणी आहे बाई, येतं," एवढंच तो म्हणायचा आणि शिंकायचा. मला असली माणसं आवडतात. ज्यांना झऱ्याची दंतकथा सांगायची असते, त्यांच्यापासून मी चार हात लांब राहते.

रंग ओतायच्या आधी आम्ही झरा कोरा आहे ना ते तपासतो. जाळीच्या कापडात कोळसा बांधून त्याच्या पुरचुंड्या पाण्यात टांगून ठेवायच्या. पाण्यात रंगाचा अंश असला तर कोळसा तो धरून ठेवतो. काही दिवसांनी पुरचुंड्या काढायच्या, कोळसा धुवायचा, ते धुवण यंत्रात घालायचं. आकडा शून्याच्या आसपास आला की वर कळवायचं, ओत बाबा.

आकडा शून्याच्या आसपास आला नाही.

मी फोन उचलला. "तू इथे येऊन गेलास?"

"मी? ताई, मी आंघोळीलासुद्धा खोलीबाहेर गेलो नाहीये."

"मग कोळशात रंग कुठून आला?"

"तुझ्या हाताला असेल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या हाताला! मी केस पांढरे केलेत ते काही हात बाटवून नाही. तोंडाला येईल ते बोलले. तो शांतपणे ऐकून घेत होता आणि मधेमधे काहीतरी चावत होता. शेवटी म्हणाला, "ताईसाहेब, डबा माझ्यासमोर आहे. सील जसंच्या तसं आहे. फोटो पाठवू?"

फोटो आला. सील शाबूत होतं.

मी नवे हातमोजे काढले, नवा कोळसा घेतला, पुरचुंड्या दुसऱ्या खोलीत बसून बांधल्या, कपडेसुद्धा बदलले. पुन्हा टांगल्या. पुन्हा काढल्या. या वेळी यंत्राची गरज पडली नाही. पुरचुंडी पिळल्यावर माझ्या बोटांवरून जे पाणी ओघळलं, ते फिकट हिरवं होतं.

यावर घाबरण्यासारखं काही नव्हतं. आमच्या आधी कुणीतरी हाच प्रयोग केला असेल. खाणवाल्यांनीच आमचा घोळ करायला काहीतरी ओतलं असेल. मी पंपवाल्याला हौदाशी नेलं आणि पाणी दाखवलं.

"हिरवं दिसतंय का तुम्हाला?"

त्यानं वाकून पाहिलं. "दिसतंय की. शेवाळ असेल." आणि तो शिंकला.

शेवाळ नव्हतं. हौदाच्या तळाशी प्रकाश पडतो तिथे तो रंग उजळत होता, आणि मी तो रंग आयुष्यभर पाहिला आहे. ताजा होता. जुना रंग असा दिसत नाही. आत्ता ओतल्यासारखा दिसत होता.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला. मी तिच्याकडे झऱ्याच्या पाण्याच्या बाटल्या पाठवल्या होत्या, वय काढायला. पावसाचं पाणी आभाळातून येताना एक अगदी सूक्ष्म ऐवज बरोबर घेऊन येतं. जमिनीत शिरलं की तो ठरलेल्या गतीनं झिजत जातो. किती झिजला यावरून पाणी किती काळ अंधारात होतं ते कळतं. कुठलं पाणी कालचं निघतं, कुठलं हजारो वर्षांचं. मैत्रीण हे काम इतकी वर्षं करते आहे, की घड्याळ बघावं तसं ती पाण्याकडे बघते.

"तू मला काय पाठवलंयस?" ती म्हणाली.

"पाणी पाठवलंय. का गं?"

"वय उणे येतंय."

"मग शून्य धर. थोडंफार येतंच की उणे."

"अगं, थोडंफार असतं तर फोन कशाला केला असता? तीनदा लावलं मी. यंत्र बदलून लावलं." ती जरा थांबली. तिला थांबायची सवय नाही. "या हिशोबानं तुझं पाणी अजून जमिनीत शिरलेलंच नाही."

आम्ही दोघी हसलो. मग हसणं संपलं आणि कुणीच फोन ठेवेना. शेवटी ती म्हणाली, "बाटल्या वाटेत बाटल्या असतील," आणि मी म्हणाले, "असतील." दोघींनाही ते पटलं नव्हतं.

मी धाकट्याला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो खूश झाला असता, आणि खूश झाला की तो काय करेल याचा नेम नाही. तसाही तो कंटाळला होता. पाऊस पडत नव्हता. विवराच्या काठावरून आत जाणारं पाणी आटलं होतं. वरून रंग ओतला तर कोरड्या दगडांवरच बसला असता. खाली, बऱ्याच खोल, एक ओहोळ वाहत होता. त्याचा आवाज येतो, असं तो रोज फोनवर सांगायचा.

"नुसता खाली जाऊन ओतून आलो तर अर्ध्या तासाचं काम आहे गं."

"तुझ्या बायकोला फोन लावून विचारू?"

"तू म्हणजे ना, चहाडखोर आहेस."

"आहे. पावसाची वाट बघ."

दोर मला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला.

हौदावर जाळी साफ करायला गेले होते. पानं नाहीत, कचरा नाही, आणि जाळीच्या गजांतून पिवळं काहीतरी बाहेर आलेलं. ओढलं तर हातभर आला. पिवळा दोर, मधे तुटलेला. तुटलेल्या टोकाचे धागे पिंजलेले होते, दगडावर घासून तुटतात तसे. दुसऱ्या टोकाला गाठ होती, आणि गाठीवर निळी चिकटपट्टी गच्च गुंडाळलेली.

धाकटा तशी गाठ मारतो. एकदा मारतो, मग विश्वास नसल्यासारखी तिच्यावर दुसरी, मग वर पट्टी. मी त्याला चिडवत आले आहे, पार्सल बांधतोयस का म्हणून. दुसऱ्या कुणाला अशी गाठ मारताना मी पाहिलेलं नाही.

मी तिथूनच त्याला फोन लावला.

त्यानं लगेच उचलला. मला रडूच कोसळलं.

"ताई? काय झालं? रडतेस काय?"

"तू कुठे आहेस?"

"खोलीत. दात घासतोय."

"तुझा दोर कुठे आहे? पिवळा?"

"गाडीत आहे. नवाकोरा आहे, कालच तर आणला. रात्री बसून टोकं बांधली." मग त्याच्या लक्षात आलं, आपण दोर आणल्याचं बोललो. "नुसताच आणून ठेवलाय गं. असावा जवळ."

"जा, गाडीत आहे का बघून ये."

तो गेला. मला त्याच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. दार उघडलं, लागलं. "आहे. अख्खा आहे. झालंय काय तुला?"

माझ्या हातात दोर होता. त्यातून माझ्या पायावर पाणी ठिबकत होतं. त्याला हे सांगावं अशी वाक्यंच मला सापडेनात.

"काम गुंडाळायचं," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता गाडीत बस आणि खाली माझ्याकडे ये."

"आणि आपलं सोवळं?"

"खड्ड्यात गेलं सोवळं. तू ये."

मी हे असं कधी बोललेच नव्हते. "बरं, येतो," तो म्हणाला. "आवरून निघतो. तू रडू नकोस बाई, मला भीती वाटते तू रडलीस की."

मी दालनाचं दार ओढून घेतलं, दोर बादलीत टाकून वर झाकण ठेवलं, आणि खोलीत येऊन बसले. पंपवाला थोड्या वेळानं पंपघराला कुलूप घालून किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेला. डॉक्टरकडे जातो म्हणाला, नाकाचं दाखवायला. गल्लीत झिमझिम सुरू झाली होती. गाडीचा आवाज आला की मी उठायची. इस्त्रीवाल्याची गाडी, कुणाची तरी भाड्याची गाडी. तासाचे दोन तास झाले. रस्ता खराब असेल, असं मी स्वतःला समजावत राहिले.

मग माझ्यामागे दार वाजलं. वळून पाहिलं तर धाकटा उभा.

माझ्या जिवात जीव आला. मी उठून त्याला मिठीच मारली. चिंब भिजला होता, आणि गार. असला गार की मी हात मागे घेतले.

"छत्री नावाची वस्तू ठाऊक आहे का? बस. टॉवेल देते."

तो बसला. टॉवेल मांडीवर घेतला आणि तसाच धरून राहिला. केसांतलं पाणी कपाळावरून खाली येत होतं, ते त्यानं पुसलं नाही. मी चहा ठेवला. कप त्याच्यापुढे सरकवला तेव्हा त्यानं तो धरायला हात पुढे केला, आणि मला त्याचा तळवा दिसला. रेषारेषांत हिरवं. नखांच्या कडांना हिरवं.

"हे काय? डबा फोडलास तू?"

"हो."

"आणि असल्या हातांनी झऱ्यावर आलास?"

"झऱ्यावरूनच आलो."

"कधी ओतलास रंग?"

तो विचार करत असल्यासारखा कपाकडे बघत राहिला. "उतरलो तेव्हा," तो म्हणाला.

आणि एकदम सगळं माझ्या ध्यानात आलं. कपाळावर हात मारून घेतला मी. आल्याबरोबरच हा गुपचूप आत उतरला होता! दुसऱ्याच डब्यातला रंग खाली ओहोळात ओतून आला होता. दोर तुटला, कसाबसा सुटला, आणि बायको आणि बहीण दोघींच्या धाकानं दुसरा दोर आणून साळसूदपणे दात घासत बसला होता. रंग, दोर, सगळ्याचा उलगडा झाला. मी आठवडाभर उगाच मेले होते. मला त्याला बदडावंसं वाटलं आणि हसूही यायला लागलं.

"लाज नाही वाटत? मेला असतास म्हणजे? त्या पोरीला मी काय सांगितलं असतं? दोर कसा तुटला?"

"कातळाला घासून."

"मग बाहेर कसा आलास?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी उत्तराची वाट पाहिली नाही. माझी सरबत्ती चालूच होती. भावजयीला आज मी सगळं सांगणार, या कामातून तुझं नाव काढणार, यापुढे तू कचेरीत बसून नकाशे रंगवायचेस. तो ऐकत होता. नेहमी काहीतरी चावत ऐकतो, तसा नाही. मन लावून ऐकत होता. चहावर साय धरली.

टेबलावरचा फोन वाजला.

पडद्यावर "धाकटा" असं नाव होतं. मी कपाळाला आठ्या घातल्या. "फोन कुठे विसरलास? कुणाला सापडला वाटतं." आणि उचलला.

"ताई, आधी ओरडणार नाहीस असं सांग."

मी फोन कानावरून काढून पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं.

"ताई? ऐकू येतंय ना? अगं, निघालोच होतो. मग म्हटलं एवढे दिवस काढले, नुसतंच काय परत जायचं. काठावर आहे मी. दोर बांधून झालाय. अर्ध्या तासात वर येतो आणि सरळ तुझ्याकडे."

मागून वारा ऐकू येत होता. उघड्या पठारावरचा वारा.

समोर तो बसला होता. हात कपाभोवती. माझी नजर त्याच्या मागे गेली. तो गल्लीच्या दारानं आला नव्हता. त्याच्या पाण्याच्या खुणा झऱ्याच्या दारापासून खुर्चीपर्यंत आल्या होत्या. पंपघराला कुलूप होतं, आणि किल्ली माझ्या कोपराशी पडली होती.

"उतरू नकोस," मी म्हणाले. मग ओरडले. "उतरू नकोस! ऐकतोयस का? पोरीची आण आहे तुला. दोर सोड आणि गाडीत जाऊन बस. मी येते वर. मी येईपर्यंत हलू नकोस!"

"बरं," तो म्हणाला. आवाज वरमलेला होता, लहानपणी पकडला गेल्यावर व्हायचा तसा. "नाही उतरत. आईशपथ."

फोन बंद झाला.

मी तो छातीशी धरून उभी राहिले. खुर्चीवरच्यानं हळूच कप खाली ठेवला.

"मीही शपथ घेतली होती, ताई," तो म्हणाला.

मी पुन्हा फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा.

"आता नाही उचलणार," त्यानं मला समजावल्यासारखं सांगितलं. "उतरताना फोन मी गाडीतच ठेवला होता."